साडेदहा इंचांचा फूट

३ फेब्रुवारी

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहिलेत असं समज आणि पुढे वाच.

मी आधी लिहिलं म्हणजे मी नमले, असा अर्थ काढू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय. तू जाताना नेलेल्या माझ्या अकरा वह्या चाळीस वर्षं तुझ्याकडे आहेत. त्या मला हव्यात. रजिस्टर पोस्टाने पाठव. साध्या टपालाने पाठवायची काटकसर करू नकोस, माझं उभं आयुष्य कुठल्यातरी पोस्टमनच्या पिशवीत गहाळ व्हायला नको.

झालंय असं की संस्थेला अचानक माझी आठवण आलीय. पुस्तकाला चाळीस वर्षं पूर्ण होतात म्हणून नवी आवृत्ती काढणार, समारंभ करणार, मानपत्र देणार. मसुदा मला दाखवून गेले. 'अर्थशास्त्र आणि इतिहास यांचा सुरेख संगम घडवणाऱ्या आद्य विदुषी.' संगम म्हणे! ह्याच इमारतीत मला पहिली दोन वर्षं बसायला खुर्ची नव्हती आणि आता तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहावर माझ्या नावाची अक्षरं लागलीत. सध्याचा संचालक म्हणजे निव्वळ पोपट. एका बैठकीत दुसऱ्याने बोललेलं पुढच्या बैठकीत स्वतःचं म्हणून बोलतो. पुस्तक त्याने वाचलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. मला म्हणाला, "मॅडम, तुमचा दीड इंच म्हणजे आमच्या विषयाचा पाया आहे, पाया!"

तू सुताराच्या संसारात रमलीस, तुला आता आठवत नसेल, म्हणून सांगते. त्या गावात आपल्या आजीच्या काळात काडेपेटीचा कारखाना निघाला आणि घरोघरच्या बायका कामाला लागल्या. तिथल्या मुलींच्या शाळेत दर जानेवारीत प्रत्येक मुलीला भिंतीवर रंगवलेल्या पट्ट्यापाशी उभं करून उंची मोजत आणि रजिस्टरात लिहीत. ती जुनी रजिस्टरं मी धुंडाळली. कारखान्याआधीची दहा वर्षं आणि नंतरची दहा वर्षं शेजारी शेजारी मांडली, आणि नंतरच्या मुली सरासरी दीड इंचाने उंच निघाल्या. आईच्या हातात मजुरी आली की ती लेकीच्या ताटात पडते, हे मी दीड इंचात सिद्ध केलं. तोपर्यंत अर्थशास्त्रात बाई नव्हतीच. असायचं ते 'कुटुंब', आणि कुटुंबाचं पोट म्हणजे बापाचं पोट.

नव्या आवृत्तीचं काम एका पोरीकडे दिलंय. मी तिला टाचणी म्हणते. अंग काडीसारखं, डोकं मोठं, आणि टोचते. तिला मूळ वह्या बघायच्यात. "मॅडम, पुस्तकात नुसत्या दहा-दहा वर्षांच्या सरासऱ्या आहेत, मला एकेका वर्षाचे आकडे बघता येतील का?" बघू दे बापडीला. चाळीस वर्षांत एकानेही मागितले नाहीत.

तुझा सुतार कसा आहे? अजून रंधा मारतो, की हात थरथरायला लागले?

थोरली


१९ फेब्रुवारी

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'ते जाऊन चार वर्षं झाली. वह्या अकरा नाहीत, बारा आहेत.'

कळवायचं होतंस. कळवलं असतंस तर मी आले असते, असं आता लिहिणार होते, पण तेवढं खोटं मी फक्त समारंभात बोलते. आले नसते. तरी कळवायचं होतंस.

माझ्या त्या प्रश्नाबद्दल मला वाईट वाटतंय. हे वाक्य परत वाचायला मिळणार नाही, तेव्हा आत्ताच दोनदा वाचून घे.

तो मला कधीच आवडला नाही, हे मात्र लपवत नाही. विद्यापीठात गणितात पहिली आलेली मुलगी, माझ्या हाताखाली तीन वर्षं तयार झालेली, आणि भाळली कुणावर? शाळेच्या खिडक्या दुरुस्त करायला आलेल्या माणसावर, तेही त्याने खिशातली घडीची पट्टी काढून दिली म्हणून. मी आईला एवढंच सांगितलं की धाकटी सुताराबरोबर निघून गेली. आई रडली, दादाने तुझं नाव टाकलं, मावशीने वर्षभर तोच विषय चघळला. त्याला मी काय करणार? मी सांगितलं त्यात खोटं काय होतं?

बाराव्या वहीचं म्हणशील तर मला तसं काही आठवत नाही. तुझ्याच हिशोबाची असेल, किंवा धोब्याची. ती राहू दे तुझ्याकडे. अकरा पाठव.

थोरली


८ मार्च

'बारा घेणार असशील तर पाठवते.' काय हा हट्ट! लहानपणी दोन वेण्यांपैकी एक मोठी झाली की पुन्हा पहिल्यापासून घालायला लावायचीस, तीच तू अजून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पाठव बारा.

टाचणी रोज संध्याकाळी चारला येते. टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र ठेवते आणि मला माझं आयुष्य विचारते. मी सांगते. सांगायला मजा येते, नाही कशाला म्हणू? पहिल्या दिवशी विभागातले सगळे उठून उभे राहिले. मला वाटलं माझ्या मानासाठी, तर चहाची वेळ झाली होती. त्या इमारतीत बायकांसाठी संडास नव्हता. रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात जावं लागायचं, आणि तिथली नर्स मला सहा महिने पेशंट समजत होती. मी परत आले की बैठकीत निर्णय झालेला असायचा. शेवटी बैठकीच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं सोडलं. त्याने मूत्रपिंडाचं दुखणं लागलं ते आजतागायत आहे. हे मानपत्रात घाला म्हटलं तर पोपट खाली बघायला लागला.

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला पाचजण होते, पाचही पुरुष. त्यातल्या मिशीवाल्याने विचारलं, "लग्न झालं तर उंच्या कोण मोजणार?" मी म्हटलं, "लग्न झालं तर तुमची मोजीन, साहेब, फार वेळ नाही लागणार." बाकीचे चौघे हसले आणि मला जागा मिळाली. असं मी सगळ्यांना सांगते. खरी जागा मिळाली ती पुस्तकामुळे. मुलाखतीच्या आठ दिवस आधी पुस्तक छापून आलं होतं. ते हातात नसतं तर त्या मिशीने मला ग्रंथालयात कार्डं लावायला बसवलं असतं.

हे सगळं ऐकून झालं आणि काल टाचणीने पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. "'सुवाच्य नक्कल करून दिल्याबद्दल धाकट्या बहिणीचे आभार' असं आहे. त्या काय करायच्या, मॅडम?"

"नक्कल."

"पण संस्थेच्या कपाटात मूळ कच्ची कोष्टकं मिळाली. सगळी एका हातची आहेत, खाडाखोडीसकट. नक्कल करणारा माणूस इतकी खाडाखोड कशी करेल? ती विचार करणाऱ्याची खाडाखोड वाटते."

मी म्हटलं, माझी चहाची वेळ झाली.

थोरली


२५ मार्च

पार्सल आलं. गाठी तुझ्याच. कात्री लावल्याशिवाय सुटल्या नाहीत.

अकरा वह्या टाचणीला दिल्या. बारावी चादरींच्या खाली ठेवलीय. तुझी चिठ्ठी, 'ताई, ही आधी वाच', तिच्यातच आहे. वाचायची गरज नाही. तिच्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. आठवत नाही असं मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं, ते खोडून टाक.

त्या दिवशी शाळेत तुझी पेन्सिल पडली होती. ती शोधायला तू भिंतीशी रांगत गेलीस आणि बराच वेळ उठलीच नाहीस. तिथूनच म्हणालीस, "ताई, हा पहिला फूट लहान आहे."

मी रजिस्टरातून मान वर केली नाही. "काय?"

"जमिनीपासून एक फुटाच्या खुणेपर्यंत बारा इंच हवेत ना? इथे साडेदहाच आहेत. पट्ट्याचा खालचा दीड इंच फरशीच्या खाली गेलाय. पट्टा आधी रंगवलाय, फरशी नंतर बसवलीय."

सुतार खिडकीत बसून ऐकत होता. कुणी विचारलं नसताना म्हणाला, "बरोबर बोलतात बाई. दारंसुद्धा खालून कापलीत, नाहीतर फरशीला घासली असती." ती पट्टी त्याचीच होती.

तू उठून दारावरच्या संगमरवरी पाटीकडे गेलीस. आपण दीड वर्ष रोज त्या पाटीखालून ये-जा करत होतो. काडेपेटी कारखान्याच्या मालकाने शाळेला फरशी भेट दिली, आणि खाली वर्ष. कारखाना निघाला तेच. तू म्हणालीस, "एकेका वर्षाचे आकडे बघ ताई. सगळी वाढ एकाच जानेवारीत आहे. सहा वर्षांची मुलगीही दीड इंच आणि चौदा वर्षांचीही दीड इंच. पोट भरल्यावर माणूस असा एका रात्रीत वाढतो का? दहा वर्षांची सरासरी काढली म्हणून ते दिसत नाही."

त्यावर मी जे बोलले तेही मला शब्दन्‌शब्द आठवतं. "तुला इथे मोजायला आणलंय, फरशी पुसायला नाही."

सुतारासमोर बोलले.

पण तूच सांग, आता चाळीस वर्षांनी हे उकरून कुणाचं भलं होणार? ती मिशी मेली, तिची पिल्लं जिवंत आहेत. बाईच्या मजुरीने काही फरक पडत नाही, हे म्हणायला ती टपून बसलीत. मी त्यांच्या हातात कोलीत देऊ? झाकली मूठ सव्वा लाखाची. बारावी वही तुला परत पाठवते. पोचली की कळव, आणि पुढचं कार्ड लिहायचे कष्ट घेऊ नकोस.

थोरली


४ एप्रिल

वही पाठवली नाही. चादरींखालीच आहे. आधी कालचं सांगते.

मुखपृष्ठासाठी टाचणीला त्या भिंतीचा फोटो हवा होता. म्हणाली, खोली अजून आहे, तुम्ही याल का? नाही म्हणाले असते तर एकटी गेली असती. म्हणून गेले. तीन तास गाडीत बसून कंबरेचा भुगा झाला. शाळा आता नव्या इमारतीत आहे. जुन्या खोलीत मोडके बाक, पाय नसलेला पृथ्वीगोल आणि रंगाचे रिकामे डबे भरलेत. शिपाईबाईंनी कुलूप काढलं. पट्टा आहे. निळा रंग उडालाय, खुणा दिसतात.

टाचणीने फोटो काढले. मग चपला काढून पट्ट्यापाशी उभी राहिली आणि शिपाईबाईंना म्हणाली, "बघा हो मावशी, किती भरते मी." शिपाईबाईंनी तिच्या डोक्यावर वही आडवी धरली. "पाच फूट साडेतीन."

"छे हो, मी पाच-दोन आहे. पासपोर्टवरसुद्धा तेच आहे." पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. ती हसली. "बघा मॅडम, ह्या शाळेत आल्या आल्या मी दीड इंच वाढले!"

आणि मग तिने मागे वळून पट्टा बघितला.

खुणांवरून बोट फिरवलं. शेवटी तिनेच मला वाट करून दिली. "मधे कुणी पट्टा पुन्हा रंगवला असेल, आणि चुकला असेल. हो ना, मॅडम?"

मी हो म्हणाले.

अगदी सहज म्हणाले. चाळीस वर्षांचा सराव आहे. तिने लगेच वही उघडली आणि लिहून घेतलं, 'पट्टा नंतर रंगवलेला, इति मॅडम.' खाली माझं नाव, तारीख. अक्षर सुवाच्य. तिने वाकून बघितलं नाही. दोन पावलांवर फरशी होती, तरी बघितलं नाही. मी म्हणाले म्हणून ते खरं. आणखी चाळीस वर्षांनी कुणीतरी ते वाक्य पुराव्यासारखं वापरेल.

मला संताप आला. माझा आला, पण निघाला तिच्यावर, नेहमीप्रमाणे. मी ओरडले, "गाढव आहेस का? कुणाच्या सांगण्यावरून लिहितेस? आधी वाकून बघ!"

ती दचकली. शिपाईबाईंच्या हातातल्या किल्ल्या पडल्या. आणि मग मीच खाली बसायला लागले. वाकणं मला जमत नाही, म्हणून आधी बाकाला धरलं, मग एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि शेवटी फरशीवर चांगली फतकल मारली. शिपाईबाई म्हणाल्या, "आजी, काय पडलं का तुमचं?" टाचणीकडून पट्टी मागून घेतली आणि एक फुटाच्या खुणेला लावली. साडेदहा. तिला म्हटलं, "लिही आता. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. माझ्या बहिणीने मला दाखवलं होतं."

जे तुलाही माहीत नाही ते आता लिहिते. त्या दिवशी तू डोळे पुसत सुतारामागून बाहेर गेलीस. मी दार लावलं, आणि भिंतीशी खाली बसले. तेव्हा गुडघे चांगले होते. पेन्सिल उभी धरून मोजलं, मग वितीने मोजलं. तुझं बरोबर होतं. पुस्तक छापखान्यात होतं, मुलाखत तीन आठवड्यांवर होती. मी उठले, साडीची धूळ झटकली आणि बाहेर येऊन तुला सांगितलं की उद्यापासून कामाला येऊ नकोस. तू निघून गेली नाहीस. मी घालवलं. सुताराने तुला पळवलं नाही, मी तुला त्याच्या दारात सोडलं आणि त्याने आत घेतलं. आईला हे कधी कळलं नाही. ती जाताना तुझं नाव काढत होती. मी म्हटलं, कळवलंय. कळवलं नव्हतं.

ह्यानंतर आभाराच्या पानावर तुला 'नक्कल' म्हणून बसवलं. तीन वर्षांच्या सकाळ-संध्याकाळी, सगळी कोष्टकं, सगळी गणितं तुझी होती. वाक्यं माझी होती. मला वाक्यं चांगली जमतात, हे तू ह्या पत्रांवरूनही बघतेच आहेस.


१२ एप्रिल

बारावी वही वाचली. टाचणी शेजारी बसली होती. फरशीनंतरच्या प्रत्येक वर्षातून दीड इंच वजा केला आणि पुन्हा बेरजा मांडल्या. तिने यंत्रावर, मी हाताने. माझ्या दोन बेरजा चुकल्या, ते सोड.

राहिलं काय, तुला माहीतच आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तू तेव्हाच लिहून ठेवलंयस. काही राहिलं नाही. कारखाना निघाल्यावर दहा वर्षं त्या मुली केसभरही वाढल्या नाहीत. आया अकरा-अकरा तास काड्या भरत होत्या आणि मुली होत्या तेवढ्याच. मजुरी गेली कुठे, ते मला माहीत नाही. शोधायचं होतं, शोधलं नाही, कारण मला उत्तर आधीच सापडलं होतं.

गेले चार दिवस हेच डोक्यात आहे. मी स्वतःला समजावत आले की त्या दीड इंचाने बायकांचं भलं झालं. भाषणं झाली, बायकांच्या मजुरीचे कायदे झाले, आणि ते वाईट नव्हते. पण रजिस्टरात नावानिशी असलेल्या त्या चारशे बारा मुली उपाशी होत्या, आणि मी त्यांना जेवलेल्या ठरवलं. त्यांच्या उपाशीपणाची एकच नोंद जगात उरली होती, आणि तीही माझ्याच हातात पडली. त्या मिशीने फार तर त्यांना मोजलंच नसतं. मी मोजून खोटं ठरवलं. मिशीला मी जन्मभर क्षुद्र म्हणत आले. आता त्याच्यासाठी वापरलेले शब्द शोधते तर सगळे मलाच नीट बसतात.

पोपटाला भेटले. सगळं सांगितलं. त्याने आधी दार लावून घेतलं, मग पाणी प्यायला. "मॅडम, आता ह्या वयात कशाला? निमंत्रणपत्रिका छापून झाल्या. आणि खरं सांगू का, दीड इंचाने असा काय मोठा फरक पडतो?"

फेब्रुवारीत त्याचा पाया होता तो. मी म्हटलं, "सभागृहावरची अक्षरं काढताना भिंत खराब करू नका." त्याला कळलं नाही. मग समजेल अशा भाषेत सांगितलं. एक तर बारावी वही पूर्ण छापायची, पुस्तकावर आधी तुझं नाव, मग माझं, आणि पहिल्याच पानावर मी केलेली लबाडी माझ्या सहीने. नाहीतर मी हे वर्तमानपत्रात देते. तो म्हणाला, समितीपुढे ठेवतो. खुशाल ठेव म्हटलं. मी वर्तमानपत्रातच दिलं.

तुझी परवानगी विचारली नाही. आयुष्यभर तुला न विचारता तुझं नाव काढलं, ह्या वेळी न विचारता घातलं. शिव्या द्यायच्या असतील तर कार्ड पुरणार नाही, पाकिटात घालून पाठव.

ताई


२ जून

बातमी तुझ्याकडच्या वर्तमानपत्रातही आली असेल. 'प्रसिद्ध विदुषीचा सिद्धांत फरशीखाली.' मथळा देणाऱ्याला वाटलं असेल, काय अक्कल चालवली! समारंभ रद्द झाला. समितीने नवी आवृत्ती 'तूर्त स्थगित' केली. टाचणीने दुसरा छापखाना गाठलाय, तिथे तुझ्या वहीची मुद्रितं निघाली. मिशीची पिल्लं लेखांवर लेख लिहितायत की बाईच्या मजुरीने काही होत नाही हे सिद्ध झालं. त्यांना मी उत्तर दिलं की एका शाळेच्या एका भिंतीवरून मी जग सिद्ध केलं तो माझा मूर्खपणा होता, तुम्ही त्याच भिंतीवरून उलटं जग सिद्ध करताय तो तुमचा. मजुरी कुठे गेली ते टाचणी शोधतेय. कारखान्याची कागदपत्रं तिला मिळालीत. ती आता फोटो काढण्याआधी फरशीवर बसते. निदान एवढं तरी मी शिकवलं.

काल विभागात गेले तर कुणी उठलं नाही. चहाची वेळसुद्धा नव्हती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं. हे तुला सांगतेय, इतर कुणाला सांगणार नाही.

तुझ्या शिव्यांची वाट बघत होते. आलं ते कार्ड, आणि त्यावर एकच ओळ. 'ताई, फरशीवरून उठलीस कशी मग?'

एवढं सगळं लिहिलं, आणि तुला हे विचारायचं होतं! पाचदा वाचलं. मग रडले, चांगली पाऊण तास, बाई ग. आता उत्तर देते. उठता आलंच नाही. टाचणीने एक हात धरला, शिपाईबाईंनी दुसरा, आणि दोघींनी पोत्यासारखं ओढून बाकावर बसवलं. शिपाईबाईंनी विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, एक बहीण आहे. कुठे ते सांगितलं नाही.

पुस्तकाचं पहिलं पान सोबत जोडलंय. तुझं नाव बरोबर छापलंय ना बघ. आडनाव सुताराचं लावलंय, माहेरचं नाही. तुला वेगळं हवं असेल तर कळव. आभाराच्या पानावर त्याचंही नाव आहे. 'पट्टी दिल्याबद्दल आणि दारं बघितल्याबद्दल.' ते वाक्य माझं आहे, पण ह्या वेळी खरं आहे.

माझी खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. स्टेशनवरून रिक्षा दहा मिनिटं. दोन खाटा आहेत. ये असं म्हणायचा मला अधिकार नाही, म्हणून फक्त पत्ता नीट लिहिलाय.

त्या चारशे बारांपैकी आता कुणी उरली नसेल. एखादी भेटती तर मी तिला एवढंच विचारलं असतं, जे विचारायचं सोडून उंची मोजत बसले. तुलाही चाळीस वर्षांत एकदा विचारलं नाही. एकटी असतेस, कंटाळा करत असशील.

जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
ताई